डॉक्टरांच्या चिठ्ठीवर वजनं का नसतात?

पन्नाशीच्या बाईच्या रक्तात साखर निघाली, गुडघे कुरकुरू लागले, झोप उडाली किंवा नुसतंच ‘कशात मन लागत नाही’ म्हणून ती दवाखान्यात गेली, तर गोळ्यांच्या जोडीला एक सल्ला तिला हमखास मिळतो: रोज अर्धा तास चाला. सल्ला चांगला आहे, पण अर्धा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी दोन गोष्टी सांगितल्या आहेत. एक, आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम. दुसरी, आठवड्यातून किमान दोन दिवस शरीरातल्या सगळ्या मोठ्या स्नायूंना जोर लावायला लावणारा व्यायाम. पासष्टीच्या पुढे तर तोल आणि ताकद यांचा व्यायाम आठवड्यातून तीन दिवस करायला सांगितलाय. यातली पहिली गोष्ट आपल्याकडे बागेबागेत पोचली. दुसरी अजून जिममधल्या तरुण पोरांपाशीच अडकली आहे.

जड उचलण्याचा, ढकलण्याचा, ओढण्याचा व्यायाम हा रक्तदाबाच्या गोळीसारखाच सरकारी आरोग्यसेवेचा भाग असायला हवा, आणि तो सगळ्यांत आधी बायकांपर्यंत आणि साठीपुढच्या माणसांपर्यंत पोचायला हवा, असं माझं ठाम मत आहे. हाडं, गुडघे, साखर ही कारणं थोडीफार लोकांच्या कानावर आहेत. मनाचं कारण फारसं कुणी सांगत नाही, म्हणून मी तिथूनच सुरुवात करते.

आयर्लंडमधल्या लिमरिक विद्यापीठातले ब्रेट गॉर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ३३ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. या चाचण्यांमध्ये मिळून १,८७७ माणसं होती. कुणी वजनांचा व्यायाम करायचा आणि कुणी नाही, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेलं होतं. वजनं उचलणाऱ्यांची नैराश्याची लक्षणं स्पष्टपणे कमी झाली. २०२४ मध्ये २१८ चाचण्या आणि १४ हजारांवर माणसं यांचा आणखी मोठा आढावा आला. त्यात चालणं-धावणं, योग आणि वजनांचा व्यायाम हे तिन्ही नैराश्यावर चांगले उतरले, आणि वजनांचा फायदा पुरुषांपेक्षा बायकांना जास्त झालेला दिसला. जो व्यायाम आपण बायकांपासून सर्वांत लांब ठेवला, तोच त्यांच्या मनाला जास्त मानवतो, हे वाचून मला वाईट वाटलं आणि रागही आला.

या अभ्यासांची एक कमजोरी इथेच सांगायला हवी. गोळीच्या चाचणीत खरी गोळी कुणाला आणि साखरेची कुणाला हे लपवता येतं. हातातलं वजन लपवता येत नाही. ज्या चाचण्यांत किमान तपासणाऱ्याला तरी गट कळू दिला नव्हता, तिथे फायदा कमी दिसला. म्हणजे आकडा थोडा फुगलेला असू शकतो. पण फुगवटा वजा केल्यावरही काहीतरी शिल्लक राहतं, आणि ते दुर्लक्ष करण्याजोगं नाही.

मला सर्वांत बोलका वाटणारा प्रयोग सिडनीतला आहे. नलिन सिंग, मारिया फियातारोने सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठीपुढच्या, नैराश्याचं निदान झालेल्या ६० जणांचे तीन गट केले. एका गटाने आपल्या कमाल ताकदीच्या ८० टक्के वजन उचलायचं, दुसऱ्याने फक्त २० टक्के, आणि तिसऱ्यावर नेहमीच्या डॉक्टरांचे उपचार चालू राहायचे. व्यायाम आठवड्यातून तीनदा, आठ आठवडे. शेवटी नैराश्याची मोजणी निम्म्यावर आलेले लोक जड वजनाच्या गटात ६१ टक्के होते, हलक्या वजनाच्या गटात २९ टक्के आणि नेहमीच्या उपचारांत २१ टक्के. हे २००५ सालचं काम आहे. व्यायामशाळेत येणं, गप्पा, शिकवणाऱ्याची आपुलकी हे सगळं हलक्या गटालाही मिळत होतं, तरी फरक पडला. यावरून वजन खरोखर जड लागलं पाहिजे असं वाटतं. उलट गॉर्डन यांच्या आढाव्यात ताकद किती वाढली आणि मन किती सुधारलं यांचा मेळ बसला नव्हता. हे दोन पुरावे एकमेकांना छेद देतात आणि मी त्यांची जबरदस्तीने गाठ मारणार नाही. माझा अंदाज एवढाच की मनाला सुधारायला शरीर पैलवानाचं व्हावं लागत नाही, पण कष्ट मात्र खरे लागतात.

आता हे घडतं कसं? इथे दोन गैरसमज फार पसरलेले आहेत. पहिला एंडॉर्फिनचा: व्यायामाने हे वेदना शमवणारं रसायन सुटतं आणि त्यानेच मन खूश होतं, असं म्हणतात. व्यायामानंतर रक्तात एंडॉर्फिन वाढतं हे बरोबर. पण रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक काटेकोर पडदा असतो आणि रक्तातलं एंडॉर्फिन तो सहजी ओलांडत नाही. २०१५ मध्ये उंदरांवर झालेल्या एका प्रयोगात, पळाल्यानंतरची निवांत अवस्था एंडॉर्फिनपेक्षा शरीर स्वतः बनवत असलेल्या, गांजातल्या द्रव्याशी नातं सांगणाऱ्या रसायनांवर अवलंबून असल्याचं दिसलं. दुसरा गैरसमज टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचा. जड बैठका मारल्यावर ते काही मिनिटं वाढतं, म्हणून स्नायू वाढतात आणि मर्दानगीही येते, असं जिममध्ये छातीठोकपणे सांगतात. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या स्टुअर्ट फिलिप्स यांच्या गटाने हे तपासलं. व्यायामानंतरच्या त्या तात्पुरत्या चढाचा स्नायू वाढण्याशी संबंध लागला नाही. बायकांच्या शरीरात हे संप्रेरक पुरुषांच्या मानाने अगदी थोडं असतं, तरी मेहनत केली की त्यांचे स्नायू पुरुषांच्याच प्रमाणात बळकट होतात. ‘वजनं उचलली की बाई पुरुषी दिसायला लागते’ ही भीती इथेच सोडून द्यावी.

खरी गोष्ट जास्त सुंदर आहे. स्नायू म्हणजे हाडं हलवणारी दोरी, अशी आपली समजूत होती. कोपनहेगनमधल्या बेंटे क्लार्लुंड पेडरसन यांच्या गटाने साधारण २००० सालापासून दाखवून दिलं की आकुंचन पावणारा स्नायू रक्तात रेणू सोडतो. थायरॉइड किंवा स्वादुपिंड जसे निरोप पाठवतात तसेच निरोप मांडी आणि दंडसुद्धा पाठवतात. या रेणूंना मायोकाइन म्हणतात. त्यातला सर्वांत अभ्यासलेला म्हणजे इंटरल्युकिन-६. तो आजारपणात वाढतो तेव्हा दाह दाखवतो. स्नायूतून व्यायामाच्या वेळी सुटतो तेव्हा मात्र दाह शमवणाऱ्या रेणूंना पुढे आणतो. शरीरात मंद धुमसत राहणारा दाह आणि नैराश्य यांचा संबंध, निदान काही रुग्णांत, चांगला नोंदलेला आहे.

स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतून २०१४ मध्ये आणखी एक धागा हाती आला. अन्नातल्या ट्रिप्टोफॅनपासून शरीर सिरोटोनिन बनवतं, पण बहुतांश ट्रिप्टोफॅन जातं किन्युरेनिन या द्रव्याच्या वाटेने. ताण आणि दाह वाढला की या वाटेवरची गर्दी वाढते. किन्युरेनिन मेंदूत शिरतं आणि तिथे ते त्रासदायक ठरू शकतं. व्यायामाने तयार झालेल्या स्नायूत मात्र अशी विकरं वाढतात, जी किन्युरेनिनचं रूपांतर मेंदूचा पडदा ओलांडू न शकणाऱ्या आम्लात करतात. ज्या उंदरांच्या स्नायूंत ही व्यवस्था मुद्दाम वाढवलेली होती, ते दीर्घ ताणातही खचले नाहीत. हा पुरावा वजनांपेक्षा दमाच्या व्यायामाला जास्त लागू होतो, हे खरं. पण मनाच्या आजारात मांडीच्या स्नायूचा हात असू शकतो, एवढं यातून कळलं, आणि माझ्या दृष्टीने ती मोठी गोष्ट आहे. मनाला शरीरापासून तोडून पाहण्याची आपली सवय यामुळे मोडली पाहिजे.

साखरेचं गणित याहून सरळ आहे, आणि ते आपल्या मातीतलं आहे. जेवणानंतर इन्सुलिन ज्या साखरेची विल्हेवाट लावतं तिचा बराच मोठा वाटा स्नायूंत जातो. स्नायू आकुंचन पावत असेल तर इन्सुलिनशिवायही तो साखर आत ओढतो. म्हणजे साखर ठेवायचं मुख्य कोठार स्नायूच, आणि भारतीयांचं हे कोठार जन्मापासून लहान असतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या खेड्यांत आयांचा आणि बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन होतं २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं सगळीकडून सारखी बारीक नव्हती. त्यांचे स्नायू कमी होते, चरबी मात्र बऱ्यापैकी टिकून होती. २००४ मध्ये याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांनी आपल्या दोघांचा फोटो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) तंतोतंत २२.३, युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये आलेल्या पाहणीनुसार देशात मधुमेही १० कोटींच्या पुढे आहेत. अशा देशात काट्यावरचं वजन कमी करण्याचा सल्ला सगळ्यांना मिळतो, स्नायू वाढवण्याचा सल्ला जवळपास कुणालाच नाही. नुसतं जेवण तोडून वजन उतरवणारा माणूस चरबीबरोबर हे लहानसं कोठारही गमावतो. आणि मधुमेह असलेल्यांत नैराश्य इतरांपेक्षा बरंच जास्त आढळतं, तेव्हा मन आणि साखर हे दोन वेगळे विषयही राहत नाहीत.

यावर गावाकडे एक आक्षेप लगेच येतो, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ‘आमच्या बायका काय कमी उचलतात?’ हंडे, सरपणाचे भारे, सिमेंटची घमेली, उसाची मोळी. एवढं उचलून जर मन आनंदी आणि हाडं बळकट होत असती, तर ऊसतोडीच्या फडात महाराष्ट्रातल्या सर्वांत निरोगी बायका दिसल्या असत्या. प्रत्यक्षात बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या ऐन तरुणपणी काढल्या गेल्याचं २०१९ मध्ये उघड झालं, आणि राज्य सरकारला त्यासाठी समिती नेमावी लागली. कामाच्या ठिकाणचे कष्ट आणि मोकळ्या वेळातला व्यायाम शरीरावर सारखा परिणाम करत नाहीत, हे डेन्मार्कमधल्या आंद्रेआस होल्टरमान यांच्यासारख्या संशोधकांनी सातत्याने मांडलेलं आहे. कारणं समजण्यासारखी आहेत. व्यायामात भार थोडा, वेळ थोडा, मग पूर्ण विश्रांती. स्नायू त्या विश्रांतीत वाढतो. मजुरीत भार दिवसभर, तोच तो, एकाच बाजूने, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. व्यायामात किती उचलायचं आणि कधी थांबायचं हे उचलणारी ठरवते. फडात ते मुकादम ठरवतो. राष्ट्रीय पोषण संस्थेने ठरवलेलं प्रथिनांचं प्रमाण शरीराच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम आहे. भाकरी-चटणीवर राबणाऱ्या बाईच्या पोटात तेवढं जात नाही.

म्हणून मजूर बाईला आधी विश्रांती, डाळ-अंडं आणि कमी ओझं मिळालं पाहिजे. तिला कुणी बैठका मारायला सांगू नये. माझा आग्रह आहे तो ज्यांचे कष्ट संपले, पण ताकदही संपत चालली, अशांसाठी: शहरातल्या गृहिणी, दुकानात-कचेरीत बसून काम करणारे, निवृत्त झालेले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अंदाजानुसार भारतात ५७ टक्के बायका आणि ४२ टक्के पुरुष पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत. नळ आला, गॅस आला, मिक्सर आला, आणि यायलाच हवे होते. ओझं गेलं ते चांगलं झालं. त्याच्या जागी व्यायाम मात्र आला नाही.

खरं तर महाराष्ट्राला हे कुणी बाहेरून शिकवायला नको होतं. राजर्षी शाहूंनी कोल्हापुरात तालमींना आश्रय दिला, १९१२ मध्ये खासबागचं मैदान उभं राहिलं. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले. जोर, बैठका, जोडी, करेला, मल्लखांब हा सगळा ताकदीचाच व्यायाम. तालमीत त्याला नावही सरळ आहे: मेहनत. वस्ताद नव्या पोराला पहिल्या दिवशी हजार बैठका मारायला लावत नाही, आकडा हळूहळू चढवत नेतो. व्यायामशास्त्राचं मूळ तत्त्व याहून वेगळं नाही. पण तालमीचा उंबरा बायकांसाठी बंद राहिला, आणि पंचविशी-तिशीत कुस्ती सुटली की पुरुषाचीही मेहनत सुटते. महिला महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धा व्हायला २०२३ साल उजाडलं. सांगलीत प्रतीक्षा बागडीने ती गदा उचलली तेव्हा एका अख्ख्या परंपरेचा अर्धा भाग किती उशिरा उघडला, हे दिसलं.

याच परंपरेला लागलेल्या एका किडीबद्दल न बोलणं अप्रामाणिकपणाचं होईल. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तदाब घसरला तर भूलतज्ज्ञ देतात ते मेफेंटरमाइनचं इंजेक्शन राज्यातल्या कित्येक जिममध्ये दम वाढवायला टोचलं जातं. पोलिसांच्या छाप्यांच्या बातम्या वरचेवर येतात. स्टेरॉइडचं, म्हणजे टेस्टोस्टेरॉनसारख्या औषधांचं, तर विचारू नका. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूतली ग्रंथी वृषणांना पाठवायचा निरोप थांबवते, आणि शरीर स्वतःचं संप्रेरक बनवणं बंद करतं. इंजेक्शन थांबलं की तो मुलगा कित्येक महिने रिकाम्या टाकीवर असतो: थकवा, कामेच्छा नाही, आणि खोल नैराश्य. मन सुधारणाऱ्या व्यायामातून मन बिघडवण्याचा हा धंदा उघड्यावर चालतो. पोलीस कारवाई हवीच. पण ताकद म्हणजे फक्त आरशात दिसणारं शरीर, असं आपण पोरांना शिकवत राहिलो, तर एक दुकान बंद झाल्यावर दुसरं उघडेल.

मनाच्या बाबतीत एक सावधगिरी. खोल नैराश्यात बुडालेल्या माणसाला अंथरुणातून उठणंच जमत नसतं. त्याला ‘व्यायाम कर, बरं वाटेल’ म्हणणं म्हणजे आजाराचं खापर त्याच्याच माथी फोडणं. औषधं आणि समुपदेशन यांना वजनांचा पर्याय नाही. मनात आत्महत्येचे विचार येत असतील तर आधी डॉक्टर, बाकी सगळं नंतर. पण २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांमध्ये उपचार न मिळणाऱ्यांचं प्रमाण ७० ते ९२ टक्के निघालं होतं. जिथे मानसोपचारतज्ज्ञ तालुक्यालाही मिळत नाही, तिथे सौम्य आणि मध्यम नैराश्यासाठी हाताशी असलेला, पुरावा असलेला उपाय कपाटात बंद ठेवणं मला पटत नाही.

वय झालं, आता काय वजनं उचलायची, हे तर ऐकूच नये. १९९० मध्ये बॉस्टनमध्ये फियातारोने यांनी वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या अशक्त माणसांना आठ आठवडे पायांचा जड व्यायाम दिला. ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमध्ये पाळी गेलेल्या, हाडं ठिसूळ होऊ लागलेल्या शंभरएक बायकांच्या चाचणीत, ज्यांनी आठवड्यातून दोनदा फक्त अर्धा तास देखरेखीखाली खरोखर जड वजनं उचलली, त्यांच्या कण्याची घनता घटायच्या ऐवजी वाढली. हे सगळं शिकवणाऱ्याच्या नजरेखाली झालं, हे विसरू नये. रक्तदाब आटोक्यात नसेल, छातीत दुखत असेल, मधुमेहाने डोळ्याचा पडदा बिघडला असेल, तर आधी तपासणी हवी, आणि उचलताना श्वास कोंडायचा नाही.

आपण मात्र पैसा ओततो खुल्या व्यायामशाळांवर. नगरसेवकाच्या नावाची पाटी, बागेच्या कोपऱ्यात रंगीत यंत्रं. त्यातल्या बहुतेक यंत्रांवर वजन कमी-जास्त करायची सोयच नसते. पाय हवेत झुलवायच्या त्या यंत्रावर आजी-आजोबा मजेत वेळ घालवतात, आणि त्यातही काही वाईट नाही. पण स्नायूला आज कालच्यापेक्षा थोडं जास्त काम मिळालं नाही, तर तो वाढत नाही. शिकवायलाही तिथे कुणी नसतं.

यापेक्षा खूप कमी खर्चात काम होऊ शकतं. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाने घरी राहणाऱ्या वृद्धांसाठी एक कार्यक्रम तयार केला: घोट्याला बांधायची वजनं, तोल सांभाळायचे व्यायाम, थोडं चालणं, आणि अधूनमधून घरी येणारी प्रशिक्षित नर्स किंवा फिजिओथेरपिस्ट. पडण्याचं प्रमाण त्याने साधारण एक तृतीयांशाने घटलं. आपल्या आयुष्मान आरोग्य मंदिरांत, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रांत, योगाची सत्रं ठरलेली असतात. त्यातलेच दोन दिवस ताकदीला द्यावेत. खुर्ची, भिंत, वाळूच्या पिशव्या, रबरी पट्टे एवढं साहित्य पुरेल; कुणी किती उचललं त्याची वही मात्र हवीच, कारण आकडा चढला नाही तर सगळं वाया. शिकवायला फिजिओथेरपीचे पदवीधर आहेत, नोकरीच्या शोधात असलेले शारीरिक शिक्षणाचे पदवीधर आहेत. कुस्ती सुटलेले पैलवानही आहेत. त्यांना म्हाताऱ्या सांध्यांशी कसं वागायचं याचं दोन-तीन महिन्यांचं नीट प्रशिक्षण द्यावं लागेल.

सुरुवात मात्र एका कागदापासून करता येईल. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाच्या तपासणीसाठी आशाताई घरोघरी एक प्रश्नावली भरतात. त्यात कमरेचा घेर आहे, तंबाखू आणि दारू आहे, आठवड्याला १५० मिनिटं हालचाल होते का हा प्रश्न आहे, मन उदास राहतं का हाही आहे. ताकदीबद्दल एकही प्रश्न नाही. तीस सेकंदांत हात न टेकता खुर्चीतून किती वेळा उठता येतं, ही वृद्धांच्या पायातली ताकद मोजायची साधी चाचणी जगभर वापरली जाते. तिला एक खुर्ची आणि घड्याळ लागतं. हा एक रकाना त्या प्रश्नावलीत घालायला आरोग्य खात्याने पुढच्या छपाईपर्यंतही थांबू नये, आणि ज्यांचा आकडा कमी येईल त्यांची नावं त्याच आठवड्यात आरोग्य मंदिराच्या वहीत चढावीत. आशाताईंच्या माथ्यावर आधीच कामांची चळत आहे, तेव्हा या नव्या नोंदीचा मोबदलाही त्यांना वेगळा मिळावा.